जुनी नाट्यपदं आणि मोकळी ध्वनिमुद्रणं : शोधायची कुठे, तपासायची कशी?

नांदीवाला

नमस्कार मंडळी. आमच्या वाचनालयासाठी संगीत नाटकांवर एक श्राव्य मालिका करतोय. निवेदन आमचंच, मधूनमधून जुनी पदं आणि थोडे पार्श्वध्वनी. नुसती हॉलमध्ये ऐकवायची नाही, पॉडकास्ट म्हणून सगळीकडे टाकायची आहे. पैसे कुणाकडून घेणार नाही, पण एखाद्या स्थानिक दुकानाची जाहिरात चालून आली तर नाही म्हणायची आमची ऐपत नाही.

अडचण अशी की नेटवर सगळंच फुकट दिसतं. बालगंधर्वांची पदं हवी तेवढी पडली आहेत आणि प्रत्येकाने खाली "सर्व हक्क मूळ मालकांचे" असं लिहून हात झटकले आहेत. मला नंतर कटकट नकोय. तर, खरोखर वापरता येतील अशी जुनी ध्वनिमुद्रणं कुठे मिळतील? आणि एखादं मोकळं झालंय की नाही हे आपलं आपण कसं तपासायचं? माझा अंदाज, १९४७ च्या आधीचं सगळं आता सार्वजनिक असणार.

गप्पिष्ट_गणू

एवढा विचार कोण करतो? उतरवून घ्या, लावा. वाचनालयावर धाड कोण घालणार आहे!

रिकामटेकडी

वाचनखूण साठवली. पॉपकॉर्न घेऊन बसले आहे.

मध्यलय

गणू, धाड कुणी घालत नाही, यंत्र घालतं. आमच्या मंडळाच्या कार्यक्रमाचं चित्रीकरण एका व्हिडिओ साइटवर टाकलं होतं. मध्यंतरात मागे कुठलं तरी जुनं गाणं वाजत होतं. दुसऱ्या दिवशी कुठल्याशा कंपनीचा दावा आला आणि अख्ख्या चित्रीकरणाचा आवाज बंद. आमची बासरी त्यात गेली ती गेलीच.

कलमवाली

नांदीवाला, १९४७ चा इथे काही संबंध नाही. नाट्यपदाच्या एका तबकडीवर तीन वेगळे हक्क असतात: शब्दांचा, चालीचा आणि ध्वनिमुद्रणाचा. तिन्हींची मुदत वेगवेगळ्या वेळी संपते. लोक फक्त तिसरा बघतात.

ध्वनिमुद्रणाला आपल्या १९५७ च्या कायद्याचं कलम २७ लागतं. तबकडी पहिल्यांदा प्रसिद्ध झाली ते वर्ष सोडायचं आणि पुढच्या १ जानेवारीपासून साठ वर्षं मोजायची. १९६५ साली बाजारात आलेली तबकडी १ जानेवारी २०२६ ला मोकळी. शब्द आणि चाल यांना मात्र कवी आणि संगीतकार यांच्या निधनानंतर साठ वर्षं, मोजणी तशीच पुढच्या जानेवारीपासून.

तुमच्याच विषयातली उदाहरणं घेते. 'स्वयंवर' १९१६ चं. पदं खाडिलकरांची, ते १९४८ साली गेले. चाली भास्करबुवा बखल्यांच्या, ते १९२२ साली. त्यातल्या पदाची बालगंधर्वांची जुनी तबकडी मिळाली तर तिन्ही कुलपं उघडी. 'मानापमान'चं तसंच, कारण गोविंदराव टेंबे १९५५ साली गेले, म्हणजे २०१६ पासून चालीही मोकळ्या.

आता 'कान्होपात्रा' बघा. नाटक १९३१ चं, गायक तेच, तबकडीही जुनी. पण संगीत मास्टर कृष्णरावांचं आणि ते १९७४ साली गेले. म्हणजे २०३४ अखेरपर्यंत चालीवर हक्क आहे. अभंगाचे शब्द संतांचे असले तरी.

गप्पिष्ट_गणू

म्हणजे तबकडी वापरता येते पण तिच्यातलं गाणं नाही. वा रे न्याय!

कलमवाली

बरोबर समजलात. तिथे संगीतकाराच्या वारसांची किंवा आयपीआरएससारख्या, गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेची परवानगी घ्यायची.

खवचट_खारूताई

मग 'गीतरामायण'? पुणे आकाशवाणीवर १९५५-५६ ला झालं, साठ वर्षं कधीच उलटली.

कलमवाली

खारूताई, गदिमा गेले १९७७ साली, म्हणजे शब्द २०३७ अखेरपर्यंत. बाबूजी २००२ साली, म्हणजे चाली २०६२ अखेरपर्यंत. तुमच्या नातवंडांना वापरता येईल.

खवचट_खारूताई

नातवंडांना सांगून ठेवते. ते त्या वेळी काय ऐकत असतील देव जाणे.

तबकडीवेडा

कलमवाली यांनी कायद्याचं सांगितलं, मी तबकडीचं सांगतो. खरी गोम 'पहिल्यांदा प्रसिद्ध कधी झाली' इथेच आहे. नेटवर टाकणारे वर्ष बेधडक ठोकून देतात, कुणी नाटकाचं वर्ष लिहितो तर कुणी कॅसेटचं. त्यावर जाऊ नका. तबकडीच्या कागदी लेबलचा फोटो असेल तर तो बघा. त्यावर कंपनीचा क्रमांक असतो आणि लेबलच्या बाहेर, लाखेत कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक, म्हणजे साच्याचा नंबर असतो. हे दोन मिळाले की कंपन्यांच्या जुन्या सूचिपत्रांवरून साल बऱ्यापैकी बांधता येतं. मुंबईला तबकडीसंग्राहकांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स ही संस्था आहे. त्यांच्या 'द रेकॉर्ड न्यूज' या नियतकालिकात अशा याद्या भरपूर आहेत.

दुसरं, नंतर निघालेली एलपी किंवा सीडी बघून घाबरू नका. १९३० च्या दशकातली तबकडी सत्तरच्या दशकात एलपीवर पुन्हा आली म्हणून साठ वर्षं नव्याने सुरू होत नाहीत. पण त्या सीडीवरून आवाज उचलू नका. कंपनीने खरखर काढून, आवाज उजळून दिलेला असतो आणि त्या कामावर ती हक्क सांगू शकते. मूळ तबकडीवरून उतरवलेलं घ्या. खरखर येऊ द्या की, संगीत नाटकावर बोलताना ती शोभतेच.

लांबीचा प्रश्न तर येतच नाही. दहा इंची तबकडीची एक बाजू साधारण तीन-सव्वातीन मिनिटांची. नाटकात वन्समोअर घेत घेत लांबणारं पद त्यात कोंबायचं म्हणजे गायकाची काय तारांबळ होत असेल! बऱ्याच पदांत शेवटी लय वाढलेली ऐकू येते ती उगीच नाही.

पट्टीचा_ऐकणारा

तबकडीवेडा, सीडीबद्दल असहमत. खरखर काढणं ही झाडलोट झाली, नवनिर्मिती नव्हे. त्यात नवीन हक्क कसला? असं असेल तर दर दहा वर्षांनी झाडू मारून कंपन्या आयुष्यभर मालक राहतील.

कलमवाली

तत्त्वतः तुमच्या बाजूने बोलता येईल. पण नांदीवाल्यांना वाद जिंकायचा नाही, मालिका करायची आहे. मूळ तबकडीवरून घेतलं तर हा वादच उद्भवत नाही.

पट्टीचा_ऐकणारा

वकिलांचं हेच. बरोबर असूनही गप्प बसवतात.

एडिसनकर

न्यू जर्सीहून लिहितोय. आमच्या गावाला ज्याचं नाव आहे त्यानेच १८७७ साली फोनोग्राफ काढला, म्हणून या धाग्यावर माझा थोडा हक्क.

भारतात मोकळं झालेलं अमेरिकेतही मोकळं असतं असं धरू नका. इथे २०१८ साली कायदा बदलला. १९२३ च्या आधी प्रसिद्ध झालेली सगळी ध्वनिमुद्रणं १ जानेवारी २०२२ ला एकदम मोकळी झाली. १९२३ ते १९४६ मधल्यांना शंभर वर्षं, त्यामुळे आता दर जानेवारीत एकेक वर्ष सुटतंय. १९४७ ते १९५६ ला एकशेदहा. आणि १९५७ पासून फेब्रुवारी १९७२ पर्यंतची थेट २०६७ सालापर्यंत अडकली आहेत. युरोपात पुन्हा निराळं, तिथे १९६२ पर्यंतची सुटलेली आहेत. साइट अमेरिकेतली असेल तर ती आपल्या साठ वर्षांकडे बघेलच असं नाही. विकिमीडिया कॉमन्सवर तर मूळ देश आणि अमेरिका, दोन्हीकडे मोकळं असावं लागतं.

ऐकायला आणि अभ्यासाला मात्र इथे खजिना आहे. लायब्ररी ऑफ काँग्रेसचं नॅशनल ज्यूकबॉक्स बघा, व्हिक्टर कंपनीच्या जुन्या तबकड्या आहेत. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सांता बार्बरा शाखेने तबकडीच्याही आधीचे मेणाचे सिलिंडर दहा हजारांवर उतरवून ठेवलेत. नाट्यपदं नाहीत, पण "त्या काळी ध्वनिमुद्रण असं होतं" हे सांगायला एखादा तुकडा उत्तम.

रिकामटेकडी

२०६७! मी तोवर पॉपकॉर्न बदलून आणते.

सुगम_सुधा

तीस सेकंदांपर्यंत चालतं ना पण? आमच्या नृत्याच्या क्लासमध्ये सगळे तेच सांगतात.

कलमवाली

सुधाताई, कायद्यात सेकंदांचा आकडा कुठेही नाही. तीस नाही, दहा नाही. समीक्षा, रसग्रहण, संशोधन यासाठी वाजवी वापराची सवलत कलम ५२ मध्ये आहे. तिथे बघतात ते, तुकडा कशासाठी घेतला आणि गरजेपुरता घेतला का. पदाच्या लयीबद्दल बोलताना तेवढी ओळ ऐकवली तर सवलतीसाठी भांडायला जागा आहे. शीर्षकसंगीत म्हणून दर भागाला तीच ओळ वाजवली तर नाही. आणि "सर्व हक्क मूळ मालकांचे" असं लिहिल्याने काहीही होत नाही. उलट, दुसऱ्याचं आहे हे ठाऊक असून घेतलंत हे तुम्हीच लिहून देता.

खवचट_खारूताई

अवांतर: मग वरातीत बँडवाले जे वाजवतात त्याचं काय? आमच्या गल्लीतल्या गेल्या वरातीवर सगळ्या संगीतकारांनी मिळून दावा लावायला हवा होता. चाल ओळखू येत नव्हती हा बचाव होऊ शकेल.

कलमवाली

हसू नका, ते खरंच कायद्यात आहे. त्याच कलम ५२ मध्ये धार्मिक विधींना सूट आहे आणि लग्नाची वरात त्यात स्पष्ट शब्दांत घातली आहे. बँडवाले सुटले. (हलकं घ्या.)

मध्यलय

म्हणजे आमच्या कार्यक्रमात मध्यंतराला कुणाचं तरी लग्न लावायला हवं होतं.

लाखेची_बांगडी

आर्काइव्ह डॉट ऑर्गचं नाव कुणी घेतलं नाही अजून. आमच्या घरी सकाळ तिथूनच सुरू होते. अब्दुल करीम खाँ, गौहरजान, हिराबाई, काय हवं ते. गौहरजान १९०२ साली कलकत्त्यात पहिल्यांदा तबकडीसाठी गायल्या. गाणं संपता संपता "माय नेम इज गौहरजान" असं ठसक्यात सांगतात ते ऐकून अंगावर काटा येतो.

तबकडीवेडा

तो ठसका कामाचा होता. मुद्रण इथे व्हायचं पण तबकड्या छापून यायच्या जर्मनीतून, हॅनोव्हरहून. तिथल्या कारागिरांना गाणं कुणाचं हे कळावं म्हणून नाव पुकारायची पद्धत.

पण लाखेची_बांगडी, आर्काइव्हवर आहे म्हणून वापरता येतं असं समजू नका. तिथे कुणीही काहीही चढवतं आणि परवान्याचा शिक्का चढवणाराच निवडतो. काल निघालेल्या सीडीवरही "सार्वजनिक" असा शिक्का मारलेला मी पाहिलाय. त्यांचाच जुन्या ७८ च्या (मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या) तबकड्यांचा मोठा प्रकल्प होता, त्यावर २०२३ साली बड्या रेकॉर्ड कंपन्यांनी खटला भरला आणि २०२५ मध्ये तडजोडीने मिटला. शोधायला आर्काइव्ह वापरा, निर्णय मात्र लेबल, साल आणि कलमवालींची ती तीन कुलपं यांवरूनच घ्या.

रानवाटा

पार्श्वध्वनींबद्दल लिहितो, तो भाग सगळे विसरले. फ्रीसाउंड ही साइट घ्या. बार्सिलोनाच्या पोम्पेउ फाब्रा विद्यापीठाने २००५ साली सुरू केलेली. पाऊस, टाळ्या, घंटा, दाराची करकर, सगळं मिळतं. प्रत्येक आवाजाचा परवाना वेगळा असतो, तो आवाजाच्या पानावरच दिसतो. सीसी म्हणजे क्रिएटिव्ह कॉमन्स, मोकळ्या वापराचे तयार परवाने. सीसी झिरो असेल तर बिनघोर वापरा, नावही द्यायची सक्ती नाही. सीसी-बाय असेल तर मुद्रण करणाऱ्याचं नाव द्या, परवान्याचं नाव आणि दुवा भागाच्या माहितीत टाका. शेवटी एनसी (नॉन-कमर्शियल) असेल तर व्यावसायिक वापर बंद, आणि तुम्ही दुकानाच्या जाहिरातीचं म्हणताय. तेव्हा एनसी आत्तापासूनच बाजूला ठेवा. नंतर जाहिरात मिळाली म्हणून जुने भाग उसवत बसायला लागू नये. दुसऱ्या साइटवर एनडी (बदल करायला मनाई) दिसलं तर कापून निवेदनाखाली घालण्याचं सोडून द्या.

पक्ष्यांच्या आवाजांसाठी लोक झेनो-कँटोचं नाव सांगतात. सुंदर जागा आहे, पण तिथली बहुतेक मुद्रणं एनसी. बीबीसीच्या ध्वनिसंग्रहातही मोफत वापर वैयक्तिक, शैक्षणिक आणि संशोधनापुरता. अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यानांचे सरकारी आवाज सार्वजनिक आहेत, पण यलोस्टोनचा लांडगा तुमच्या 'शारदे'त काय करणार?

खवचट_खारूताई

'शारदे'त शोभेल हो. पंचाहत्तरीचा नवरदेव आला की लावायचा.

रानवाटा

दंडवत.

ओवीबद्ध

नांदीवाला, नाटकांच्या आधी गावात काय गायलं जायचं यावर एखादा भाग करणार असाल तर जात्यावरच्या ओव्या ऐका. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हाँ यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या एक लाखाहून जास्त ओव्या आता 'पारी' (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) या साइटवर येत आहेत, मूळ बायकांच्या आवाजात, शब्दांसकट. ओवी कुणा एकीची नाही, लोकांची आहे. तिथे कुलूपबिलूप काही नको असं माझं मत.

कलमवाली

ओवीचे शब्द लोकांचे, मान्य. पण मुद्रण संग्राहकांचं आहे आणि गाणाऱ्या बाईचाही कलावंत म्हणून हक्क आहे. तो आपल्याकडे पन्नास वर्षं चालतो. तिथल्या अटी वाचा आणि विचारून घ्या.

ओवीबद्ध

कायद्याने असेल. पण ज्या बाईने पहाटे दळताना ती ओवी म्हटली तिला कुणी मुदत विचारली होती? आपण आता हक्कांचं बोलतो आणि तिचं नावही कुणाला ठाऊक नसतं.

पट्टीचा_ऐकणारा

ओवीबद्ध, म्हणूनच विचारायचं ना. त्या संग्रहात बायकांची नावं, गावं दिलेली आहेत. परवानगी मागायच्या निमित्ताने ती नावं तुमच्या निवेदनात आली तर वाईट काय? "लोकांचं आहे" म्हणून उचललं की पहिलं गळतं ते नाव. इथे मी चक्क वकिलांच्या बाजूला आहे, नोंद घ्यावी.

कलमवाली

नोंद घेतली. तारीख पुढची.

जुना_श्रोता

माझ्याकडे वडिलांनी खासगी बैठकींत स्पूलवर (टेपच्या रिळांवर) केलेली मुद्रणं आहेत, काही साठच्या दशकातली. ती तर झाली असतील मोकळी?

कलमवाली

श्रोतेकाका, उलट तिथेच जपून. कलम २७ मध्ये मोजणी प्रसिद्धीच्या वर्षापासून आहे. जे कधी प्रसिद्धच झालं नाही त्याची साठ वर्षं सुरूच होत नाहीत. मुद्रणाचा हक्क तुमच्या वडिलांकडून तुमच्याकडे येऊ शकतो, पण बंदिश कुणाची आणि गायकाच्या घरचे काय म्हणतात हे बघावं लागेल. आकाशवाणीच्या भांडारात पडून असलेल्या, कधी न निघालेल्या मुद्रणांनाही हेच लागू.

तबकडीवेडा

काका, कायद्याचं पुढे बघू. आधी ते स्पूल उतरवून घ्या. फितीवरचा थर सुटायला लागला की कुठलंच कलम कामाला येत नाही. खोलीत कोरडं ठेवा आणि जुन्या यंत्रावर स्वतः लावून बघू नका, फीत तुटते.

वाचाळ_वीणा

दुसरी वाट सुचवते. आवाज सापडत नसेल तर स्वतः करा. लिब्रिव्हॉक्सवर जगभरचे हौशी लोक जुनी पुस्तकं वाचून ती मुद्रणं सार्वजनिक करून टाकतात, २००५ पासून. इंग्रजीच्या मानाने मराठी फार कमी आहे. पुस्तक अमेरिकेच्या कायद्यानेही मोकळं लागतं, म्हणून हरिभाऊ आपट्यांसारखे लेखक निवडायचे. मजकूर मराठी विकिस्रोतावर बघा. नांदीवाला, तुम्हीही 'सौभद्रा'तली पदं गावातल्या कुणा गाणारीकडून म्हणवून घ्या ना. अण्णासाहेब किर्लोस्कर १८८५ साली गेले. ते मुद्रण तुमचं, त्यावर कुणाचा दावा यायचा नाही.

मध्यलय

दावा यायचा नाही हे जरा जास्त होतं, वीणाताई. यंत्र चालीचा ठसा जुळवतं, तेव्हा चुकूनही येऊ शकतो. पण मग तुमच्याकडे उत्तर असतं. नाटकाचं वर्ष, लेखकाचं निधनवर्ष, मुद्रण कुणी कधी केलं, हे प्रत्येक तुकड्यासाठी एका वहीत लिहून ठेवा. हरकत नोंदवताना तेच भरायचं असतं.

नांदीवाला

सगळ्यांचे आभार. एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं.

आज बसून यादी चाळली. 'स्वयंवर' आणि 'मानापमान' घेतोय, मूळ तबकडीवरून उतरवलेलं मिळेल तेच. 'कान्होपात्रा'वर फक्त बोलणार, परवानगी मिळाली तर पद लावू. 'संन्यस्त खड्ग' हवं होतं, पण सावरकर १९६६ साली गेले, म्हणजे २०२७ च्या जानेवारीत पदं सुटतात. तो भाग शेवटी ठेवला. 'सौभद्र' आमच्या शाळेतल्या संगीताच्या बाई म्हणणार आहेत, त्यांनी होकार दिलाय, अट एवढीच की पेटी चांगली हवी. पार्श्वध्वनी सीसी झिरो आणि सीसी-बायचेच. ओव्यांसाठी संग्राहकांना आजच पत्र लिहितो, बायकांची नावं निवेदनात घेऊनच.

एक राहिलं. 'स्वयंवर'मधल्या एका पदाच्या दोन तबकड्या नेटवर दिसतात, गायक तेच, पण गाणं थोडं वेगळं आहे. एका लेबलवरचा क्रमांक वाचता येतोय, दुसरीचा फोटो अंधुक आहे. अमेरिकेतल्या श्रोत्यांसाठी साल महत्त्वाचं दिसतंय, तेव्हा कुणी बघून सांगेल का?

तबकडीवेडा

पद दोनदा मुद्रित झालं असणार, तेव्हा सर्रास व्हायचं. आधी यांत्रिक भोंग्यासमोर, मग १९२५ नंतर विजेचा मायक्रोफोन आल्यावर पुन्हा. भोंग्यातला आवाज अरुंद येतो, साथीचा तबला जवळजवळ नाहीसाच होतो. त्यावरून पहिली कुठली ते ओळखू येईल. दोन्ही फोटो व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, मॅट्रिक्स क्रमांकाचा भाग कापू नका.

एडिसनकर

भोंग्यातली निघाली तर मलाही कळवा. इकडच्या हिशेबाने ती सुटलेली असण्याची शक्यता जास्त.

जुना_श्रोता

पुण्यात स्पूल उतरवून देणारं कुणी विश्वासू ठाऊक आहे का? यंत्र माझ्याकडे नाही.

तबकडीवेडा

आहे काका. व्यनि पाहा.